प्रतिक्रिया उघड्या ठेवल्या आहेत, ताई

शैलाताई, या आठवड्यात आपल्या साइटवर सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी तुझी आहे. तुला हे सांगितलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून तू म्हणाली असतीस, "बघ, मेल्यावर का हुईना, तुझा आकडा वाढला." मग आपण दोघी हसलो असतो. आता असली वाक्यं मलाच सुचतात आणि मलाच ऐकावी लागतात. पौडच्या आपल्या ऑफिसच्या खोलीत सकाळपासून बसले आहे. खाली खताच्या दुकानात पोती उतरवतायत, त्यांचा धप्प धप्प आवाज वर येतोय. तुझ्या खुर्चीवर मी माझी पिशवीसुद्धा ठेवलेली नाही.

बातमी मीच लिहिली, चार ओळींची. तू कुठे शिकलीस, शाळेतली नोकरी सोडून साप्ताहिक कधी काढलंस, छपाई बंद करून सगळं साइटवर कधी आणलंस, हे तुझ्या भाच्याला विचारून भरता आलं असतं. पण हात पुढे जाईना. तू गेलीस एवढं लिहिलं, अंत्यसंस्कार कुठे ते लिहिलं आणि तुझा तो जुना फोटो लावला, ज्यात तू कॅमेऱ्याकडे न बघता कुणाला तरी रागावते आहेस. बाकीचं लोकांनी खाली लिहिलं. अजून लिहितायत.

मी पहिल्यांदा या खोलीत आले तेव्हा हिंजवडीतली नोकरी नुकतीच गेली होती. तिथे मी परदेशात गाद्या आणि दिवे विकणाऱ्या साइटींसाठी मजकूर लिहायची. लग्न त्याच्याही आधी संपलं होतं. बावधनच्या भाड्याच्या घरात दिवसभरात मी बोलायची ती फक्त कचरा न्यायला येणाऱ्या मावशींशी. 'साइट बघायला माणूस पाहिजे, मराठी नीट यावं' अशी तुझी जाहिरात त्यांच्याच मुलीने मला पाठवली होती. आले, तर तुझी साइट म्हणजे साप्ताहिकाच्या पानांचे फोटो. मोबाइलवर दोन बोटांनी ताणत ताणत वाचायचं.

मी विचारलं, "तुम्ही हे मोबाइलवर कधी वाचून बघितलंय का?"

"मला तुमी काय म्हणतीयास गं? मी काय सरपंच हाय?" तू म्हणालीस. "आन न्हाई वाचलं. दिसतंय कुटं?"

त्या दिवसापासून तू 'तू' झालीस. वयात आपल्या वीसेक वर्षांचं अंतर होतं आणि माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीलाही मी अजून 'अहो ताई' म्हणते. माझ्याकडे राहायला आलेल्या आईने मला फोनवर तुला 'तू' म्हणताना ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "चांगली मैत्रीण मिळालेली दिसते." तुला हे सांगायचंच राहिलं.

साइट कुणासाठी, यावर आपण किती भांडलो! मी वाचकांचे आकडे तुझ्यासमोर धरायची. बघ, सगळे बावधन, भूगाव, पिरंगुटचे. त्यांना चांदणी चौकात गाड्या कुठवर तुंबल्यात ते हवंय, टँकर कधी येणार, वीज कधी जाणार ते हवंय. हे सकाळी ते घरातून निघायच्या आत द्यायचं, म्हणजे ते रोज येतील. तू आकड्यांकडे बघायचीच नाहीस. "फ्लॅटवाल्यांना वाचायला लई हाय. मुठा गावच्या पल्याडच्या माणसाला आपल्याबिगर कोण हाय?" मी म्हणायची, त्या पलीकडच्या माणसासाठी साइट चालू राहायची असेल तर हे अलीकडचे लागतील. तू म्हणायचीस, "हे तुझं बाजारातलं शाणपण झालं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या वाहतुकीची बातमी तूच फोनवरून मला सांगायचीस, तीही तिथल्या फुलवालीला विचारून पक्की केलेली.

प्रत्येक बातमीच्या शेवटी वाचकाला एक साधा प्रश्न विचारायचा, ही कल्पना माझी होती. 'तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?' एवढाच. असा प्रश्न विचारला की लोक थांबतात, लिहितात, परत येतात, हे मी गाद्यांच्या साइटवर शिकले होते. पण लोकांनी लिहिलेल्याला उत्तर द्यायचं असतं, हे तिथे मला कुणी शिकवलं नव्हतं. तू एका बोटाने टाइप करत प्रत्येकाला उत्तर द्यायचीस. 'वाचलं. उद्या फोन करते.' आणि करायचीस. एकाने नुसतंच लिहिलं होतं, 'आमच्याकडे काहीच परिस्थिती नाही.' तू त्यालाही फोन केलास. तो माणूस अर्धा तास बोलला म्हणे. काय बोलला विचारलं तर म्हणालीस, "काय न्हाई. बायको गेलीया. घरात बोलाय माणूस न्हाई."

मी मान खाली घालून काम करत राहिले. तुझ्या लक्षात आलं असावं, कारण त्या संध्याकाळपासून तुझा मला रोज फोन येऊ लागला. "जेवलीस का?" एवढंच. मी हो म्हटलं की ठेवून द्यायचीस.

पण ताई, त्या प्रतिक्रियांमध्ये घाणही केवढी यायची. प्लॉटवाल्यांच्या जाहिराती, दोन पुढाऱ्यांच्या पोरांची शिवीगाळ, कुणाच्या तरी सुनेबद्दल काहीबाही. निम्मा दिवस ते उपसण्यात जायचा. मी सांगून सांगून थकले की प्रतिक्रिया बंद करू, ज्याला बोलायचंय तो फोन करेल. तू म्हणायचीस, "लोकं बोलाय आल्यात, आन आपण दार लावून घ्यायचं?" मी म्हणायची, दार नाही गं, गटार आहे ते. तो वाद काही मिटला नाही. मग तो दिवस आला.

मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा एक व्हिडिओ त्या दिवसांत सगळ्या ग्रुपांवर होता. तू चौकशी केलीस आणि 'हा व्हिडिओ आपल्याकडचा नाही' अशी बातमी आपण लावली. खरं सांगायचं तर ती फारशी कुणी उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तू कासारसाईला पाटाच्या पाण्याची बातमी करायला गेली होतीस. परतताना वाटेतल्या एका गावातून अंगणवाडीच्या बाईंचा तुला फोन आला. दोन परक्या माणसांना गावाने समाजमंदिरात कोंडलंय, गर्दी वाढतेय. तू स्कूटर तिकडे वळवलीस आणि मला फोन लावलास.

"रेवते, साइटवर लाइव्ह लाव. माझ्या मोठ्या फोनवरनं दावते, आन ह्या बारक्या फोनवर तू मला सांगत ऱ्हा, खाली लोकं काय लिव्हत्यात."

"ताई, आधी पोलिसांना..."

"केलाय फोन. निघाल्यात. त्ये येईस्तवर मी काय टाळ्या वाजवू?"

मला पडद्यावर दिसलीस ती बंद दाराच्या पायरीवर बसलेली. दाराला पाठ लावून. फोन स्वतःच्या तोंडासमोर धरलेला. आतल्या माणसांचे चेहरे तू दाखवले नाहीस आणि गावाचं नावही घेतलं नाहीस. मी खाली वाचत होते, तर सगळे तेच विचारत होते. 'गाव कोणतं? सांगा, आम्ही येतो.' तुला नाव घेऊ नको म्हणायला तोंड उघडलं, पण तुझ्या ते केव्हाच ध्यानात आलं होतं.

"मी शैला," तू म्हणालीस. "तुमी मला वळखता. या दाराआड दोन माणसं हायेत. रंगारी हाव म्हणत्यात. बावधनला एका सोसायटीत काम करत्यात. थोरल्याचं नाव रामनरेश, दुसरा त्याचा मेव्हणा. हितं एका फार्महाऊसचं काम बघाय आल्ते आन वाट चुकली म्हणून एका पोराला रस्ता इचारला. एवढंच त्ये सांगत्यात. ठेकेदाराचा फोन लागंना. कुणी वळखत आसंल तर खाली लिव्हा."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ताई, तुमी बाजूला व्हा. तुमाला काय म्हाईत न्हाई."

"मला म्हाईत न्हाई म्हणूनच तर इचारतीया," तू म्हणालीस. "तुमाला म्हाईत हाय का?"

तुझा आवाज तेव्हा जरा कापला होता. नंतर तू कबूल केलं नाहीस, पण मी ऐकलं होतं. मी वाचत होते, तुला सांगत होते. शिव्या होत्या, त्या मी तुला सांगितल्या नाहीत. आणि मग एक प्रतिक्रिया आली, एका बाईची, बावधनमधूनच. 'मी ओळखते. आमच्या घराला त्यानेच रंग दिलाय. मुलीच्या खोलीत भिंतीवर ढग काढलेत. आज उरलेल्या कामाला आला नाही म्हणून सकाळपासून मी त्याला फोन करतेय.'

मी तिला निरोप पाठवून नंबर घेतला, तिला फोन लावला आणि तुझ्या बारक्या फोनला जोडून दिला. तू आवाज मोठा करून तो गर्दीपुढे धरलास. ती बाई घाबरली होती, पण बोलली. त्या माणसाचं नाव सांगितलं, त्याच्या डाव्या हाताला भाजल्याचा डाग आहे म्हणाली, तो मुलीला काय हाक मारतो तेही सांगितलं. एका म्हाताऱ्याने पुढे येऊन तिलाच विचारलं, "बाई, तुमी सोता बघितलाय का त्याला?" ती म्हणाली, "आजोबा, महिनाभर माझ्या घरात होता. माझी मुलगी त्याच्याजवळ सोडून मी खाली दूध आणायला जायचे."

गर्दी एकदम पांगली नाही. आधी मागचे गेले. मग बायका पोरांना घेऊन गेल्या. तो म्हातारा मात्र गेला नाही. पोलिसांची गाडी आल्यावर त्यानेच दार उघडलं. ते दोघे बाहेर आले तेव्हा तू फोन खाली केलास. त्यामुळे मला फक्त पायरीवरची तुझी चप्पल दिसत राहिली आणि ऐकू आला तुझा आवाज, "पाणी आणा रं कुणीतरी."

संध्याकाळी तू इथे आलीस, खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस, "तुझे फ्लॅटवाले कामाला आले की गं." मी म्हणाले, "आणि तुझ्या प्रतिक्रिया." त्या दिवशी आपण दोघी एकाच वेळी बरोबर ठरलो. असं पुन्हा कधी झालं नाही.

कारण दुसऱ्याच दिवशी भांडण. तू बातमी लिहिलीस ती गावाच्या नावाशिवाय. मी म्हटलं, नाव नसलेली बातमी अर्धी असते. तू म्हणालीस, "गावाला परत तोंड वर करता आलं पायजे. त्या म्हाताऱ्यानं दार उघडलं त्ये लिव्हलंय न्हवं? बास." मी मानलं. आजही मला ते पूर्ण पटलेलं नाही. पण त्या गावातली माणसं आज तुझ्या बातमीखाली लिहितायत, आणि कोणत्या गावची ते मला माहीत आहे.

मग आल्या त्या शिव्या. 'परप्रांतीयांची वकील' इथवर ठीक होतं. नंतर तुझी वस्ती काढली, जात काढली, तुझ्या आईला ओढलं. मी ते दिसेल तसं पुसत होते. तुला कळलं तेव्हा तू जेवढी चिडलीस तेवढी गर्दीवरही चिडली नव्हतीस.

"माझ्या अंगावर आलंय त्ये मला वाचू दे. तू कोण झाकणार?"

"फक्त तुझ्या अंगावर नाही आलेलं, ताई. वस्तीतल्या पोरी साइट वाचतात. त्यांनी हे का वाचायचं?"

"त्येंनी बघावं, मी पळाले न्हाई."

"तू पळाली नाहीस हे बघायला आधी त्यांनी ते सगळं अंगावर घ्यायचं?"

तू पिशवी उचललीस, जिन्यापर्यंत गेलीस, परत आलीस आणि म्हणालीस, "इचार करते. पण पुसलेलं कुटंतरी ठिवत जा. उद्या कुणी म्हणंल, असं काय झालंच नव्हतं." तो शुक्रवार होता. शनिवारी संध्याकाळी तुझा "जेवलीस का?" आला, मी हो म्हटलं, तू ठेवलास. रविवारीही. सोमवारी नाही आला. मला वाटलं, कुठे कार्यक्रमाला गेली असेल. मंगळवारी सकाळी भाच्याने सांगितलं की पहाटे अंघोळीला पाणी काढताना खाली बसलीस ती बसलीसच.

विचार करते म्हणाली होतीस. काय ठरवलंस, ताई? तुझ्यासारखी बाई तीन-चार दिवस एखाद्या गोष्टीचा विचार करते म्हणजे काहीतरी ठरलं असणार. मी बरोबर होते असं तू म्हणावंस, हा माझा हट्ट नाही. तू चूक म्हणाली असतीस तरी चाललं असतं. पण उत्तर आलं असतं. तू सगळ्यांना उत्तर द्यायचीस.

वस्तीतल्या विहारात मी मागे उभी होते. बायकांनी त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. मला शब्द येत नव्हते, म्हणून ओठ मिटून उभी राहिले. शेजारच्या मुलीने तिची छोटी पुस्तिका माझ्यापुढे धरली आणि बोटाने ओळ दाखवत राहिली. कॉलेजात जाणारी असेल. नंतर म्हणाली, "तुमी साइटवाल्या रेवतीताई ना? त्या लाइव्हच्या खाली पयल्यांदा लई वंगाळ लिव्हलेलं व्हतं. मी वाचलं. दुसऱ्यांदा बघाय गेले तर न्हवतं." ते पुसल्याचं तिला बरं वाटलं की वाईट, हे मला विचारता आलं नाही. मी पुस्तिका तिला परत दिली.

या खोलीत परत आल्यापासून मी एकच काम करते आहे. तुझ्या बातमीखाली लोक लिहितायत आणि मी उत्तरं देतेय. 'वाचलं' असं लिहिते. त्यापुढे 'उद्या फोन करते' लिहायला बोट धजत नाही. उद्या मी काय बोलणार? तुला प्रत्येकाची विहीर, प्रत्येकाचा जावई माहीत होता. मला त्यांचे फक्त आकडे माहीत आहेत, कोण कुठून येतो आणि किती वेळ थांबतो. ते आकडे आज इतके वर गेलेत की एरवी मी तुला हाक मारून दाखवले असते. संध्याकाळी घरी जाते, कुलूप काढते, दिवा लावते. फोन टेबलावर पालथा ठेवते. तो वाजणार नाही हे माहीत असताना त्याच्याकडे बघत बसणं जमत नाही.

तू मला नोकरी दिलीस असं लोक म्हणतात. ते तसं नाही. तू मला दिवसातून एकदा कुणाच्यातरी लक्षात राहण्याची सवय लावलीस. आता ती मोडायची कशी, हे सांगायला तू नाहीस.

भाचा दुपारी तुझा बारका फोन आणून देऊन गेला. "चालू ठिवा, लोकांचे फोन येत्यात," म्हणाला. मी तो चार्जिंगला लावला आणि तासाभरात वाजला. नाव नव्हतं, नुसता नंबर.

"ताई हाय का?" म्हातारा आवाज होता. मागे शेरडं ओरडत होती. "मुठ्याच्या वरल्या वस्तीवरनं बोलतोय."

मी सांगितलं. तू गेलीस हे मला तोंडाने कुणाला सांगावं लागण्याची ही पहिलीच वेळ होती. आतापर्यंत मी ते फक्त लिहिलं होतं.

पलीकडे बराच वेळ नुसती शेरडं. मग ते म्हणाले, "कवा?"

"मंगळवारी."

"आरं आरं. आमाला कोण सांगणार हितं?" आणि मग, "तू कोण?"

"मी ताईंबरोबर काम करते. रेवती."

"मग तू लिवून घे," ते म्हणाले. "खालच्या बंगल्यावाल्यांनी वाटंला गेट लावलंय. कुलूप घातलंय. शेरडं मेंढरं पाण्यावर न्ह्याची कुटनं? आमच्या आज्यापासनंची वाट हाय ती."

मी लिहून घेतलं. किती घरं आहेत, गेट कधी लागलं, कुणाला सांगून पाहिलं, दुसरी वाट किती लांबची, सगळं विचारलं. ते नीट सांगत होते, सवय असल्यासारखे. शेवटी मी म्हणाले, "बाबा, बातमी संध्याकाळी साइटवर दिसेल. तुम्ही बघून सांगा, काही चुकलं असेल तर."

"मला वाचाय कुटं येतंय?" ते म्हणाले. "ताई फोनवर वाचून दावायची. मी व्हय म्हणलं की मगच लावायची."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

मी म्हणाले, थांबा. कागदावरच बातमी लिहिली, तुझ्या खुर्चीशेजारी उभी राहून. मग त्यांना वाचून दाखवली.

"बाबा? आहे ना बरोबर?"

"कळलं न्हाई," ते म्हणाले. "ताई हळू वाचायची."

मी पुन्हा पहिल्या ओळीवर आले आणि हळू वाचायला लागले.